ई-१ लिंक जोडताना: केबल, एचडीबी-३ आणि क्लॉक

एसआयपी ट्रंक (इंटरनेटच्या पद्धतीने येणारी फोन जोडणी) आल्यापासून ई-१ चा, म्हणजे ३० कॉल एकत्र नेणाऱ्या २ एमबीपीएसच्या डिजिटल लिंकचा, जमाना संपला असं बोललं जातं. प्रत्यक्षात कॉल सेंटरच्या पीआरआय (ई-१ वरून येणाऱ्या टेलिफोन लाइनी), रेल्वेचे मल्टिप्लेक्सर, वीज उपकेंद्रांतली टेलिप्रोटेक्शन सर्किट, जुने टूजी टॉवर अशा कितीतरी ठिकाणी ‘टू एमबी’, म्हणजे हीच ई-१, अजून चालू आहे. जुने हात निवृत्त झाले, आणि ज्याने आयुष्यभर इथरनेटच हाताळलंय त्याच्यावर एखाद्या दिवशी डीडीएफसमोर, म्हणजे ई-१ च्या तारा जोडायच्या चौकटीसमोर, उभं राहायची वेळ येते. हा लेख त्याच्यासाठी. उदाहरण साधं घेऊ: सेवा देणाऱ्या कंपनीने ऑफिसात एका मोडेमवर किंवा ऑप्टिकल मक्सवर (मल्टिप्लेक्सरवर) ३० चॅनेलची पीआरआय आणून दिली आहे आणि ती आपल्या ईपीएबीएक्सला (ऑफिसातल्या फोन एक्स्चेंजला) किंवा गेटवेला जोडायची आहे.

कामाचा क्रम खालून वर: आधी तार, मग लाइन कोड, मग फ्रेम, मग क्लॉक, शेवटी सिग्नलिंग. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीचं सेटिंग हलवायचं नाही. ई-१ वर जाणारे दिवसच्या दिवस बहुतेक वेळा याच्या उलट वागल्यामुळे जातात. अलार्म दिसला की माणूस कॉन्फिगरेशनमध्ये शिरतो, चार गोष्टी बदलतो, आणि मूळ दोष क्रोनमध्ये (तारा दाबून बसवायच्या पट्टीत) नीट न बसलेल्या तारेत असतो.

वाहिनीवर नेमकं काय जातं

आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, असे ३२ टाइमस्लॉट. गुणाकार केला की २०,४८,००० बिट, म्हणजे २.०४८ एमबीपीएस. एक फ्रेम २५६ बिटांची आणि १२५ मायक्रोसेकंदांची. स्लॉट ० फ्रेम ओळखण्यासाठी राखलेला, स्लॉट १६ सिग्नलिंगसाठी, उरलेले ३० बोलण्यासाठी. अमेरिकेतली टी-१ वेगळी: १.५४४ एमबीपीएस, २४ चॅनेल, १०० ओहम. भारतात ३० चॅनेलचीच पद्धत आहे. म्हणून परदेशातून आलेलं कार्ड हातात पडलं तर त्यावरचा टी-१/ई-१ जंपर किंवा सॉफ्टवेअरमधलं सेटिंग सगळ्यांत आधी बघा.

विजेच्या पातळीवरचे नियम आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.७०३ या शिफारशीत आहेत. कोॲक्सवर ७५ ओहम आणि पल्सची उंची २.३७ व्होल्ट; जोडीच्या तारेवर १२० ओहम आणि ३ व्होल्ट. पल्सची रुंदी दोन्हीकडे २४४ नॅनोसेकंद, म्हणजे बिटच्या निम्म्या वेळेइतकी. दोन्ही टोकांमधल्या केबलने १०२४ किलोहर्ट्झवर ६ डेसिबलपर्यंत क्षय केला तरी रिसीव्हरने निभावून न्यायला हवं. चांगल्या कॅट-५ केबलवर हे अंतर साधारण ३०० मीटर भरतं. त्याहून लांब जायचं असेल तर एचडीएसएल मोडेम (तांब्यावरूनच लांब नेणारा) किंवा फायबर लागतं. ‘चालून जाईल’ म्हणून केबल लांबवत नेलेल्या लिंका पुढे कायम कुरकुरतात.

लाइन कोड: एएमआय आणि एचडीबी-३

पोर्टच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि ट्रान्सफॉर्मरमधून डीसी जात नाही. म्हणून १ आला की पल्स पाठवायची, पण एकदा प्लस, पुढच्या १ ला मायनस, परत प्लस. ० म्हणजे काहीच नाही. हा झाला एएमआय कोड. त्याची अडचण अशी की समोरचा रिसीव्हर आपलं क्लॉक याच पल्समधून काढतो. ओळीने बरीच शून्यं आली तर पल्स बंद, आणि रिसीव्हर कुठे आहोत तेच विसरतो.

एचडीबी-३ मध्ये तीनपेक्षा जास्त शून्यं सलग जाऊच देत नाहीत. चार शून्यं आली की त्या चौकडीच्या जागी ०००V किंवा B००V टाकतात. V म्हणजे मुद्दाम नियम मोडलेली पल्स: आधीच्या पल्सचीच दिशा पुन्हा. B म्हणजे नियम पाळणारी भरीची पल्स. कुठली चौकडी घ्यायची ते मागच्या V नंतर किती पल्स गेल्या त्यावर ठरतं. विषम असतील तर ०००V, सम असतील (शून्य धरून) तर B००V. यामुळे लागोपाठच्या V उलटसुलट दिशांच्या येतात आणि डीसी साचत नाही.

एकदा कागदावर करून बघा, कायमचं डोक्यात बसेल. मागची V मायनस होती आणि तिच्यानंतर अजून एकही पल्स गेलेली नाही असं धरू.

डेटा: १ ०००० १ १ ०००० ०००० १

पहिला १ प्लस जातो. आता V नंतर एक पल्स झाली, विषम. म्हणून पुढची चौकडी ०००V आणि V आधीच्यासारखीच, म्हणजे प्लस. पुढचे दोन १: मायनस, प्लस. दोन पल्स, सम, म्हणून B००V. B नियमाने मायनस, V तिच्यासारखीच मायनस. लगेच दुसरी चौकडी आली, मध्ये पल्स शून्य, म्हणजे सम. पुन्हा B००V, या वेळी प्लस आणि प्लस. शेवटचा १ मायनस.

वाहिनीवर: + ०००+ − + −००− +००+ −

V च्या दिशा पाहा: प्लस, मायनस, प्लस. रिसीव्हरचं काम सोपं असतं. V दिसली की ती आणि तिच्या आधीच्या तीन जागा शून्य करायच्या. चौकडी कुठली होती हे शोधत बसायची गरज नाही.

यातून कामाचे दोन मुद्दे निघतात. पहिला: हा कोड दिशा उलटल्याने बिघडत नाही. जोडीतल्या दोन तारा एकमेकींच्या जागी गेल्या तर प्लसचं मायनस होईल, पण नियम तसाच राहील. म्हणून ‘टिप-रिंग उलटी झाली का’ या शोधात वेळ घालवू नका. एका जोडीतली एक तार दुसऱ्या जोडीत गेली, म्हणजेच स्प्लिट पेअर झाली, तर मात्र नक्की त्रास होईल, कारण तिथे पीळच उरत नाही आणि ट्रान्समिटचा आवाज रिसीव्हमध्ये झिरपतो.

दुसरा: एका बाजूला एएमआय आणि दुसऱ्या बाजूला एचडीबी-३ असं झालं तरी लिंक ताबडतोब पडेलच असं नाही. रिकाम्या व्हॉइस चॅनेलवर ए-लॉमधला (आवाज ८ बिटांत बसवण्याच्या पद्धतीतला) जो नमुना जातो तो ११०१०१०१ सारखा एकाआड एक असतो, आणि रिकाम्या डी-चॅनेलवर (सिग्नलिंगच्या स्लॉट १६ वर) ०११११११० हा फ्लॅग. चार शून्यं सहसा येतच नाहीत. त्यामुळे रात्री लावलेली लिंक हिरवी दिसते आणि सकाळी कॉल सुरू झाले की एरर मोजणारा काउंटर धावू लागतो. ‘ट्रॅफिक वाढला की खराब होते’ अशी तक्रार असेल तर लाइन कोडचं सेटिंग दोन्ही टोकांना पाहा. भारतातल्या पीआरआयवर ते एचडीबी-३ च हवं.

सामान

१२० ओहमसाठी: क्रोन टूल, सलग तांब्याची (सॉलिड) ०.५ मिलिमीटरची पीळ दिलेली जंपर वायर, आरजे-४५ कनेक्टर आणि क्रिंपर, आणि घरीच केलेला लूप प्लग. ७५ ओहमसाठी: ७५ ओहमचा आरजी-५९ किंवा तसाच पातळ कोॲक्स, ७५ ओहमचेच बीएनसी, त्या केबलच्या मापाचा डाय बसवलेलं क्रिंपिंग टूल. एका बाजूला बीएनसी आणि दुसऱ्या बाजूला आरजे-४५ असेल तर बालून (७५ आणि १२० ओहम जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर). याशिवाय मल्टिमीटर, दोन लाल एलईडी, लेबलं. ई-१ टेस्टर भाड्याने मिळाला तरी चालेल. महत्त्वाच्या लिंकला तो लागतोच.

कोॲक्सबाबत एक सावधगिरी. प्रयोगशाळेत आणि रेडिओच्या खोलीत पडलेली आरजी-५८ केबल ५० ओहमची असते आणि बाहेरून सारखीच दिसते. ७५ च्या पोर्टला ५० ची केबल लावली तर परावर्तन गुणांक (७५−५०)/(७५+५०), म्हणजे ०.२, म्हणजे रिटर्न लॉस (परत फिरणारा सिग्नल पाठवलेल्यापेक्षा किती खाली, जितका जास्त तितका चांगला) १४ डेसिबल. जी.७०३ ला १०२ ते २०४८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात इनपुटला १८ डेसिबल हवेत. एक-दोन मीटरचा तुकडा खपून जातो, लांबी वाढली की एरर येतात. याउलट १२० ओहमच्या पोर्टला १०० ओहमची कॅट-५ लावली तर हाच हिशेब ०.०९ येतो, रिटर्न लॉस २० डेसिबलच्या वर. म्हणून ऑफिसात पडलेली कॅट-५ बिनदिक्कत वापरा. पुस्तकात १२० लिहिलंय म्हणून अडून बसायचं कारण नाही.

तारा जोडणे

१. आधी कुठली जोडी ट्रान्समिट आणि कुठली रिसीव्ह ते शोधा. ग्राहकाच्या बाजूच्या उपकरणावर (ईपीएबीएक्स, गेटवे, राउटर) आरजे-४५ मध्ये सहसा पिन १-२ रिसीव्ह आणि ४-५ ट्रान्समिट असतात. नेटवर्कच्या बाजूच्या पोर्टवर उलट. मोडेमवर ‘टीएक्स’ लिहिलेलं असलं तरी ते मोडेम पाठवतो ते की मोडेमला पाठवायचं ते, यावर उत्पादकांचं एकमत नाही. म्हणून छापील अक्षरांवर विसंबू नका. दोन लाल एलईडी एकमेकांना उलटे समांतर जोडा आणि पोर्टच्या जोडीवर लावा. ज्या जोडीतून पल्स बाहेर येतात तिथे ते अंधुक का होईना, पेटतील. हा प्रयोग लिंक सुरू होण्याआधीच करायचा. चालू लिंकवर एलईडी लावाल तर ती पाडाल.

२. नेटवर्क पोर्ट आणि ग्राहक पोर्ट यांच्यात सरळ केबल चालते. टी-५६८-बी पद्धतीने क्रिंप केलेली नेहमीची इथरनेट पॅच कॉर्ड वापरता येते, कारण तिच्यात १-२ ही नारिंगी जोडी आणि ४-५ ही निळी जोडी आहे. दोन ग्राहक उपकरणं एकमेकांना जोडायची असतील, उदाहरणार्थ ईपीएबीएक्स आणि गेटवे, तर क्रॉस केबल हवी: १ ला ४, २ ला ५, ४ ला १, ५ ला २. एका टोकाला १ पांढरा-नारिंगी, २ नारिंगी, ४ निळा, ५ पांढरा-निळा. दुसऱ्या टोकाला १ निळा, २ पांढरा-निळा, ४ पांढरा-नारिंगी, ५ नारिंगी. इथरनेटची क्रॉस केबल (१ ला ३, २ ला ६) इथे उपयोगाची नाही. नव्या माणसाला ‘क्रॉस केबल दे’ म्हटलं की तो हमखास तीच आणून देतो.

३. क्रोनवर पंच करताना तार सोलू नका. खाचेतली पाती इन्सुलेशन कापून तांब्याला धरतात. टूल उभं धरा, कापणारी बाजू तारेच्या मोकळ्या टोकाकडे, आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. कापणारी बाजू उलटी धरली तर जाणारीच तार तुटते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. एका खाचेत दोन तारा घालू नका. पॅच कॉर्डची बारीक तारांची (स्ट्रँडेड) वायर क्रोनमध्ये बसवू नका. ती आज लागेल आणि दोन महिन्यांनी सुटेल. पीळ खाचेपासून १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका.

४. लांबच्या बहुजोडी केबलवर ट्रान्समिट आणि रिसीव्ह शेजारच्या जोड्यांत घेऊ नका. शक्य असेल तर दोन वेगळ्या केबल किंवा वेगळे गट. बाहेर पडताना पल्स ३ व्होल्टची, आणि आत येताना केबलमध्ये झिजून तिच्या निम्म्यावर. शेजारून होणारी झिरप याच ठिकाणी भोवते.

५. कोॲक्सची बाहेरची जाळी ट्रान्समिटच्या टोकाला अर्थला जोडलेली असते. रिसीव्हच्या टोकालाही जोडायची की नाही यासाठी बहुतेक कार्डांवर जंपर असतो. दोन्ही उपकरणं एकाच अर्थवर, एकाच खोलीत असतील तर फरक पडत नाही. वेगळ्या मजल्यांवर, वेगळ्या यूपीएसवर असतील तर रिसीव्ह टोकाचा जंपर काढा, नाहीतर जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत राहतो. इमारतीबाहेरून येणाऱ्या तांब्याच्या जोडीला एमडीएफवर (बाहेरच्या तारा येतात त्या मुख्य चौकटीवर) संरक्षक मोड्यूल हवंच. पहिल्या वळवाच्या पावसात जळणाऱ्या कार्डांत याच्याशिवाय चालवलेली कार्डं बरीच असतात.

६. जोडून झालं की मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघा. बहुतेक पोर्ट ट्रान्सफॉर्मरवर असल्यामुळे जोडीच्या दोन तारांमध्ये काही ओहमच दिसतील. हा शॉर्ट नव्हे. एकदम ओपन दिसलं तर तार तुटलेली असण्याचा संभव जास्त. एसी व्होल्टवर ठेवून सिग्नल मोजायच्या भानगडीत पडू नका. साधा मीटर एवढ्या वेगाला खरं सांगत नाही.

लूप देऊन तपासणी

लूप प्लग म्हणजे आरजे-४५ मध्ये १ ला ४ आणि २ ला ५ जोडलेला तुकडा. बीएनसीला छोटी केबल टीएक्समधून आरएक्समध्ये. आधी आपल्या पोर्टवरच लूप द्या: ‘एलओएस’ (सिग्नल नसल्याचा अलार्म) गेला पाहिजे. मग क्रोनपर्यंत जाऊन तिथून आपल्याकडे लूप द्या. मग पलीकडच्या माणसाला त्याच्या टोकाहून द्यायला सांगा. जिथे पहिल्यांदा अलार्म परत येतो, दोष त्याच्या अलीकडच्या तुकड्यात. क्रोनचं तोडता येण्याजोगं मोड्यूल असेल तर मधल्या फटीत डिस्कनेक्ट प्लग घालून दोन बाजू वेगळ्या करा, तार उपसायची गरज नाही.

लूपमध्ये लिंक हिरवी झाली याचा अर्थ मात्र एवढाच की तार सलग आहे. उपकरण स्वतःशीच बोलत असतं. त्यामुळे त्याचा कोड एएमआय असो की एचडीबी-३, सीआरसी (एरर पकडणारी तपासणी) चालू असो की बंद, सगळं जुळतंच. क्लॉकचाही पत्ता लागत नाही. ‘आमच्याकडून लूपवर ओके आहे’ हे वाक्य दोन्ही कंपन्या एकमेकींना ऐकवत राहतात आणि लिंक तशीच पडून राहते, ती यामुळेच.

आणखी एक: तपासणी झाली की लूप काढा. विसरलेला लूप ओळखायची खूण म्हणजे फ्रेम हिरवी, पण डी-चॅनेल वर येत नाही, आणि लॉगमध्ये ‘आपण ग्राहक बाजू आहोत आणि समोरचाही स्वतःला ग्राहक बाजूच म्हणतोय’ अशा अर्थाची तक्रार. ॲस्टेरिस्कवर (ईपीएबीएक्सचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ही ओळ दिसली की कॉन्फिगरेशन बदलण्याआधी पलीकडे फोन करून ‘लूप काढला का?’ एवढंच विचारा.

सेटिंग

फ्रेमिंगला सीआरसी-४ चालू की बंद हे सेवा देणाऱ्याला विचारून घ्या, अंदाज करू नका. सीआरसी-४ म्हणजे दर ८ फ्रेममागे (२०४८ बिट) एक तपासणी, सेकंदाला १००० वेळा. एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद असेल तर चालू असलेली बाजू मल्टिफ्रेम (फ्रेमांचा गट) शोधत बसते, तिला ती सापडत नाही, आणि ती दूरच्या टोकाला अलार्म पाठवते. काही नवी उपकरणं ४०० मिलिसेकंद शोधून मग आपोआप सीआरसीशिवाय चालू होतात. सगळीच होत नाहीत. दोन्ही बाजूंनी तयारी असेल तर सीआरसी चालूच ठेवा. त्याशिवाय दूरवरच्या एरर तुम्हाला कधीच कळणार नाहीत.

डाहडीच्या (ॲस्टेरिस्कसाठी ई-१ कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या) स्पॅन, म्हणजे ई-१ पोर्टच्या, ओळीत क्रम असा: स्पॅनचा क्रमांक, टायमिंग, केबलची लांबी (ई-१ ला ०), फ्रेमिंग, कोडिंग, आणि हवं तर शेवटी सीआरसी-४. पीआरआयसाठी फ्रेमिंग सीसीएस (सगळ्या चॅनेलांचं सिग्नलिंग एकाच स्लॉटवरून), कोडिंग एचडीबी-३. बोलण्याचे चॅनेल १ ते १५ आणि १७ ते ३१, डी-चॅनेल १६. १६ ला चुकून बोलण्याच्या यादीत टाकलं तर लिंक हिरवी आणि सिग्नलिंग मृत.

क्लॉक

नवख्यांना सगळ्यांत जास्त चकवणारी गोष्ट हीच. ई-१ वर कोणीतरी एकच क्लॉक देणारा असावा लागतो. पीआरआयमध्ये क्लॉक नेटवर्क देतं. आपलं उपकरण ते लाइनवरून घेतं. डाहडीत टायमिंगचा आकडा १ म्हणजे ‘या पोर्टवरून क्लॉक घ्या, हा पहिला स्रोत’, २ म्हणजे दुसरा स्रोत, ० म्हणजे ‘इथून घेऊ नका’. कंपनीच्या लिंकवर १ आणि मागच्या ईपीएबीएक्सकडे जाणाऱ्या पोर्टवर ०. ईपीएबीएक्सने आपल्याकडून घ्यायचं.

चुकलं तर काय होतं ते आकड्यांत. दोन क्लॉकमध्ये दहा लाखात १० भागांचा फरक असेल तर सेकंदाला २०.४८ बिट मागे-पुढे होतात. २५६ बिट साचले की एक अख्खी फ्रेम गळते किंवा दोनदा येते. ही झाली स्लिप, दर साडेबारा सेकंदांनी एक. जी.७०३ प्रत्येक बाजूला ±५० भागांची सूट देतं. दोन्ही बाजू उलट टोकांना असतील तर फरक १०० भागांचा, म्हणजे सव्वा सेकंदाला एक स्लिप. आवाजात ती ‘टक्’ एवढीच ऐकू येते, बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. फॅक्स मात्र अर्ध्या पानावर तुटतो. म्हणून ‘कॉल ठीक आहेत, पण फॅक्स जात नाही’ म्हटलं की पहिला संशय क्लॉकवर.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या पीआरआय एकाच कार्डावर असतील तर क्लॉक एकीचंच घेता येतं. दोन्ही नेटवर्कची मूळ क्लॉक प्रमाणानुसार चांगली असतील तर स्लिप ७० दिवसांत एखादी. त्याची चिंता नको. दुसऱ्या लिंकवर तासाला डझनभर स्लिप येत असतील तर त्या कंपनीच्या मधल्या एखाद्या मक्सने नेटवर्कचं क्लॉक सोडून स्वतःचं धरलेलं असतं. हे त्यांच्याकडूनच दुरुस्त होईल. तुमच्या बाजूने कितीही बदल केलेत तरी नाही.

अलार्म वाचणे

एलओएस: आपल्या रिसीव्हवर सिग्नलच नाही. तार, किंवा समोरचं उपकरण बंद. दोन्ही टोकांना एलओएस असेल तर टीएक्स-आरएक्स उलटे लागले आहेत का ते आधी बघा.

एलओएफ: सिग्नल येतो, पण फ्रेम सापडत नाही. स्लॉट ० मधला ००११०११ हा शब्द सलग तीनदा चुकला की फ्रेम गेली. खराब तार, किंवा समोर टी-१ अथवा विनाफ्रेम सेटिंग.

एआयएस: सगळे १. मधल्या कुठल्यातरी उपकरणाने ‘माझ्या मागून काही येत नाही’ असं सांगितलं. तुमच्यापासून त्या उपकरणापर्यंतचा मार्ग धडधाकट आहे, दोष त्याच्या पलीकडे. एआयएस दिसत असताना आपली केबल बदलत बसणं व्यर्थ.

आरएआय: समोरचा म्हणतोय ‘मला तुझं काही कळत नाहीय’. म्हणजे ज्याच्याकडे आरएआय दिसतो त्याची ट्रान्समिट दिशा बिघडलेली. पिवळा दिवा आपल्याकडे पेटला म्हणून लोक आपली रिसीव्ह जोडी उपसतात. तपासायची असते दुसरी.

अलार्म नाही पण तक्रार आहे, अशा वेळी काउंटरच खरं बोलतात. कोड व्हायोलेशन, सीआरसी एरर आणि स्लिप हे तीन वेगळे वाचा. मधलं प्रत्येक उपकरण सिग्नल नव्याने बनवून पुढे पाठवतं, त्यामुळे एचडीबी-३ चे नियम मोडलेले दिसले तर ती मोडतोड शेवटच्या तुकड्यातली, म्हणजे तुमच्या आणि जवळच्या मोडेममधल्या केबलची. सीआरसी मात्र फ्रेममध्ये बसून टोकापासून येतो. व्हायोलेशन आणि सीआरसी दोन्ही वाढताहेत: आपली केबल. व्हायोलेशन शून्य, सीआरसी वाढतोय: दोष मोडेमच्या पलीकडे, कंपनीकडे तक्रार करा आणि हे आकडे सोबत द्या. फक्त स्लिप वाढताहेत: क्लॉक. सीआरसीसोबत दूरच्या टोकाच्या एररही (ई-बिट) दिसत असतील तर आपला पाठवलेला सिग्नल तिकडे कसा पोचतोय तेही इथे बसून कळतं.

तांब्यावर आलेली एचडीएसएल असेल तर पावसाळ्यात वेगळीच गंमत. जॉइंटमध्ये पाणी शिरतं, मोडेमचा सिग्नल-टू-नॉइज घसरतो, ऊन पडलं की सुधारतो. तुमच्याकडे व्हायोलेशन शून्यच राहतात, कारण मोडेम ते तुम्ही हा तुकडा कोरडा आहे. मोडेमवरचा एसएनआर पावसात आणि उन्हात असा दोनदा लिहून ठेवा. ‘आमच्याकडून लाइन ओके’ म्हणणाऱ्याला दुसरं उत्तर नसतं.

बीईआर (बिट एररचं प्रमाण) टेस्ट आणि मॉनिटर पॉइंट

लिंक ताब्यात घेण्याआधी पलीकडून लूप घेऊन टेस्टरवर २ चा १५ वा घात वजा १ लांबीचा पीआरबीएस (ठरलेला, पण यादृच्छिक दिसणारा) नमुना २४ तास चालवा. एवढ्या वेळात १.७७ गुणिले १० चा ११ वा घात इतके बिट जातात. पाच मिनिटांच्या टेस्टने फक्त तार तुटलेली नाही एवढंच कळतं. दुपारी लिफ्ट चालू झाल्यावर किंवा रात्री एसी बंद झाल्यावर काय होतं ते कळत नाही. निकालात एररची एकूण संख्या बघून थांबू नका, त्या कधी आल्या ते बघा. सगळ्या एररी दोन-तीन सेकंदांत गोळा झाल्या असतील तर कुणीतरी डीडीएफला हात लावलेला असतो. सारख्या पसरलेल्या असतील तर लेव्हल किंवा इम्पिडन्सचा दोष.

चालू लिंकवर टेस्टर लावायचा तर मॉनिटर पॉइंटवरच (लिंक न तोडता सिग्नल बघायची जागा). तिथे सिग्नल २० डेसिबल खाली असतो, म्हणून टेस्टरवर ‘मॉनिटर’ मोड निवडा, नाहीतर तो एलओएस दाखवेल आणि तुम्ही चालू लिंक बंद समजाल. मॉनिटर पॉइंट नसेल तर टेस्टर उच्च इम्पिडन्सच्या ‘ब्रिज’ मोडवर हवा. टर्मिनेट मोडमध्ये समांतर लावलात तर १२० ला १२० समांतर होऊन ६० ओहम उरतात, लेव्हल पडते, आणि ३० जणांचे कॉल एकदम कापले जातात.

हे सगळं झालं की जोडणीवर लेबल लावा: सर्किट क्रमांक, कुठून कुठे, टीएक्स-आरएक्स आपल्या बाजूने, सीआरसी चालू की बंद, क्लॉक कुणाचं. शेवटी काउंटर शून्य करा आणि त्याची तारीख-वेळ तिथेच लिहा. सहा महिन्यांनी ‘४१२ स्लिप’ दिसल्या तर त्या एका रात्रीच्या की सहा महिन्यांच्या, हे त्या तारखेशिवाय कुणालाच सांगता येत नाही.